मागे पाहा

गेल्या पावसाळ्यात कोळकीचा एक मुलगा आमच्या फलटणच्या वाचनालयात आला. इतिहास घेऊन एम. ए. करतोय, राजवाड्यांचे खंड हवे होते. दारापाशी वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकावर त्याने ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असं टाइप केलं. पडद्यावर आलं, एकही नोंद सापडली नाही. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि निघाला.

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन बसते. त्याला हाक मारली. म्हटलं, “अरे, ‘साधने’वर टिंब दे. ‘इतिहासाची’वरही दे.” त्याने दिलं. खंड दिसले. आत, तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर ते सगळा वेळ होतेच.

वि. का. राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांतून पहिला खंड काढला तो १८९८ साली. तेव्हा ‘साधनें’ असंच लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. पुस्तकावर टिंब आहे, आजच्या मुलाच्या बोटांत ते नाही, आणि यंत्र दोघांच्या मध्ये उभं राहून ‘नाही’ म्हणतं. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ती नोंद मीच भरली होती.

अण्णांच्या काळात हा मुलगा रिकाम्या हाताने दारापर्यंत पोचलाच नसता.

अण्णा आमचे ग्रंथपाल. मी शिवाजी विद्यापीठाची बी. लिब. होऊन १९८४ मध्ये सहायक म्हणून लागले तेव्हा ते पन्नाशीत होते. पायजमा, सदरा, वर काळा कोट, कोटाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. वाचनालय राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, जुन्या दगडी जोत्याच्या इमारतीत. आत गेलं की आधी वेखंडाचा वास यायचा, मग डांबरगोळ्यांचा, मग ओल्या कागदाचा. रस्त्यावरून कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्यांचा आवाज दिवसभर असे. राम मंदिराच्या रथोत्सवाला आणि माउलींची पालखी विमानतळावर उतरायची त्या दिवशी देवघेव बंद. बाकी सुट्टी म्हणून अण्णांनी कधी घेतलेली मला आठवत नाही.

त्यांना पुस्तकाचं नाव सांगावं लागत नसे. “ते हो अण्णा, हिरव्या बांधणीचं, त्यात ती बाई शेवटी विहिरीपाशी बसलेली असते,” एवढ्यावर ते उठत आणि बरोबर तेच पुस्तक घेऊन येत. मलठणचे एक शिंपीदादा यायचे. त्यांना अण्णा कायम प्रवासवर्णनं द्यायचे. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, “बाळ, त्यांना मशीन सोडून कुठं जाता येतंय? तेवढं तरी हिंडू देत.”

पण अण्णांचं खरं काम त्यांच्या डोक्यात नव्हतं, खणांत होतं. तालिकेचं सागवानी कपाट, अठ्ठेचाळीस खण, प्रत्येकाला पितळी मूठ आणि मुठीवर कागदाची चिठ्ठी: ‘अ ते अं’, ‘क ते का’, ‘म ते मा’. खण ओढला की आत पाच इंच लांब आणि तीन इंच उंच कार्डांची ओळ. प्रत्येक कार्डाला खाली मधोमध भोक, आणि खणाच्या पुढून घातलेली पितळी सळई सगळ्या कार्डांतून आरपार गेलेली, म्हणजे कुणी कार्ड उपटून नेऊ नये. डाव्या कोपऱ्यात लाल शाईत वर्गांक. ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरी, ८९१.४६१ म्हणजे कविता, ८९१.४६२ म्हणजे नाटक. अमेरिकेतल्या मेल्विल ड्युईने १८७६ मध्ये ही दशांश पद्धत काढली तेव्हा बाणगंगेच्या काठी शाळेतली पोरं ‘चारशे त्रेसष्टच्या पुढची फळी’ असं आपसांत बोलतील, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. वर्गांकाखाली लेखकाचं नाव, आडनाव आधी. त्याखाली निळ्या शाईत पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल, पानं. तळाशी दाखल क्रमांक. एका पुस्तकाची तीन कार्डं तरी व्हायची, लेखकाचं, नावाचं आणि विषयाचं. म्हणजे वाचक कुठल्याही वाटेने आला तरी त्याच पुस्तकापाशी पोचावा.

आणि अण्णा चौथं कार्डही करत. राजवाड्यांच्या खंडांसाठी त्यांनी एक कार्ड ‘साधने’ असं, बिनटिंबाचं, लिहून ठेवलं होतं. त्यावर एकच ओळ: ‘साधनें’ पाहा. ‘ययाति’चं तसंच. खांडेकरांनी नाव ऱ्हस्व लिहिलं आहे, पण बायका ‘ययाती’ शोधतील म्हणून दीर्घ वेलांटीचंही एक कार्ड. मला तेव्हा वाटायचं, किती वेळ घालवतात हे. वाचकाने निदान नाव तरी शुद्ध लिहावं की! अण्णा म्हणत, “पुस्तक शोधायला येणाऱ्याला पुस्तकाचं नाव येत नसतंच. येत असतं तर तो दुकानात गेला असता.”

काही कार्डांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं असे, ‘मा. पा.’ मागे पाहा. ते आमच्यापुरतं होतं. कार्डाच्या पाठीवर त्यांचे शेरे असत. त्याबद्दल पुढे सांगते.

खणातल्या क्रमावरून आमचे वाद व्हायचे, ते मला अजून आवडतात. क्ष आणि ज्ञ कुठे लावायचे? कोशांत काही ठिकाणी ते शेवटी येतात, काही ठिकाणी क आणि ज मध्ये. ‘ळ’ने सुरू होणारं नाव नसतंच, पण मधल्या अक्षराचा क्रम लावताना ‘बल’ आधी की ‘बळ’, आणि त्यांच्या मध्ये ‘बस’ येतो की नाही? अण्णांनी वर्णमाला प्रमाण मानली होती: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. पुढे संगणक आला तेव्हा त्याने ‘ळ’ उचलून ‘ल’च्या शेजारी बसवला आणि ‘क्ष’ला ‘क’च्या घरात धाडलं. युनिकोड या संगणकाच्या लिपिसंकेतात अक्षरांचे क्रमांकच तसे आहेत. क्ष हे त्याच्या लेखी स्वतंत्र अक्षर नाही, क आणि ष यांचं जोडाक्षर आहे. व्याकरणाने त्याचं बरोबर आहे, पण चाळीस वर्षं शेवटच्या खणाकडे हात नेणाऱ्याला ते पटायला वेळ लागला.

दर मे महिन्यात पडताळणी. एकाने दाखल नोंदवही घेऊन क्रमांक वाचायचे, दुसऱ्याने फळीवर पुस्तक दाखवायचं. अठरा-एकोणीस दिवस चालायचं. नोंदवहीत एखादा क्रमांक रिकामा राहिला की अण्णांचा चेहरा उतरे. बहुतेक वेळा ते पुस्तक चोरीला गेलेलं नसे, दुसऱ्याच फळीवर कुणीतरी खुपसलेलं असे. “चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हे हरवलेलंच पुस्तक,” हे त्यांचं वाक्य आमच्या हाडात गेलेलं होतं. वाळवीने खाल्लेलं निदान बाद करता येतं. हे बादही करता येत नाही.

चोरीसाठी आमच्याकडे गुप्त पान होतं. पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर शिक्का असतोच, पण तो फाडता येतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरलेल्या आतल्या पानावरही शिक्का मारायचा आणि तो आकडा बाहेर कुणाला सांगायचा नाही. आमचं पान एक्कावन्न. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच लिहितेय, आता ते पान कधीच बदललं आहे. पण अजूनही कुणाच्या घरी गेले आणि जुनं पुस्तक हाती लागलं तर माझा अंगठा आपोआप एक्कावन्नवर जातो.

आणि ती तारखेची चिठ्ठी! मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली, तीन रकान्यांची, रबरी शिक्क्याने उमटलेल्या जांभळ्या तारखा. चिठ्ठी वाचली की पुस्तकाचं आयुष्य कळायचं. एखादं पुस्तक १९६१ ते १९६४ मध्ये दर पंधरा दिवसांनी बाहेर गेलं, मग एकदम थांबलं. मग १९७८ मध्ये एकच तारीख. कोण असेल तो एकटा वाचक? खिशातल्या पुस्तककार्डावर सभासद क्रमांक असायचे, त्यामुळे ‘माझ्या आधी हे कुणी नेलं’ हे ज्याला त्याला कळायचं. आमच्या गावात एक लग्न त्या कार्डामुळे जमल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. दोघंही एकाच लेखकाच्या मागे होते आणि कार्डावर दोघांचे क्रमांक एकाखाली एक येत राहिले.

आता देवघेवीचा सगळा तपशील यंत्रात असतो आणि तो कुणाला दिसत नाही. दिसू नयेच. कोण काय वाचतं हे ज्याचं त्याच्यापाशी राहावं, विशेषतः छोट्या गावात, विशेषतः मुलींचं. एका सुनेने घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेलं आणि कार्डावरचा तिचा क्रमांक तिच्या दिराने वाचला, हेही मी त्याच टेबलामागून पाहिलं आहे. त्यामुळे ते कार्ड परत यावं असं मी म्हणणार नाही. तारखेच्या चिठ्ठीची मात्र हळहळ वाटते.

पहिला संगणक १९९७ च्या सुमारास आला. टीव्हीसारखा खोका, वर प्लॅस्टिकचं आवरण. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम आम्हीच केला होता. युनेस्कोची ‘सीडीएस-आयसिस’ नावाची प्रणाली तेव्हा ग्रंथालयांना फुकट मिळायची, तीवर सुरुवात केली. मराठी उमटवायला वेगळं कार्ड बसवावं लागे, ते परवडणारं नव्हतं, म्हणून मराठी पुस्तकांची नावं रोमनमध्ये भरली. ‘ययाति’ला कुणी एक ए लावला, कुणी दोन. ‘छावा’चा छ कुणी सी-एच केला, कुणी सी-एच-एच. एकाच लेखकाची पाच रूपं झाली. अण्णा मागे उभे राहून पाहत असत, बोलत नसत. निवृत्तीला सहा महिने राहिले होते त्यांच्या.

मग विंडोज आलं आणि मराठी अक्षरं पडद्यावर दिसू लागली. त्या आनंदात आम्ही चार वर्षं सगळं काम एका फॉन्टमध्ये केलं. हा फॉन्ट म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला कुणी समजावलं नव्हतं. यंत्राच्या पोटात रोमन खुणाच साठत होत्या, वरून त्यांना मराठी अंगरखा चढवलेला होता. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे ती फाइल उघडली की पुस्तकाच्या नावाच्या जागी कंस, टक्के, डॉलर आणि स्वरचिन्हांची नुसती रांगोळी. २०११ मध्ये सगळं युनिकोडमध्ये न्यायचं ठरलं तेव्हा त्या रांगोळीतून वीस-बावीस हजार नावं परत मराठीत आणायची होती. रूपांतर करणारी छोटी प्रणाली मिळाली, पण ती रफाराशी अडखळायची. ‘वाऱ्यावरची वरात’चं ‘वार्यावरची’ झालं, ‘दऱ्याखोऱ्या’ गेल्या, ऱ्हस्व वेलांट्या एक अक्षर पुढे सरकल्या. कॉलेजच्या आठ-दहा मुली संध्याकाळी यायच्या. एकीने कार्ड वाचायचं, दुसरीने पडद्यावरची नोंद तपासायची. म्हणजे ज्या कार्डांना आम्ही जुनं म्हणून कोपऱ्यात सारलं होतं, त्यांनीच त्या वर्षी यंत्राला मराठी शिकवली.

ज्या प्रणालीत हे सगळं नेलं तिचं नाव ‘कोहा’. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालय संस्थेला २००० साल उजाडताना आपली जुनी प्रणाली कोलमडणार असं दिसलं, म्हणून त्यांनी ही नवी लिहून घेतली आणि ३ जानेवारी २००० ला सुरू केली. मग ती जगाला मोकळी देऊन टाकली. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण घेणाऱ्यानेही कधी ना कधी परत काहीतरी द्यायचं अशी भेट. आपल्याकडे याला आहेर म्हणतात. परतीच्या आहेराची वही आपल्या घराघरांत असते. कुठल्या टोकाच्या गावाने घातलेला हा आहेर फलटणला पोचला, याचं मला फार अप्रूप आहे.

एक प्रसंग सांगायलाच हवा. २००८ च्या उन्हाळ्यात भारनियमन जोरात होतं, दिवसातून आठ-आठ तास वीज नसायची. एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली, आणि संगणक सुरूच होईना. हार्ड डिस्क गेली होती. मी निवांत होते, कारण दर शनिवारी सीडीवर प्रत काढायचा नेम मी चुकवला नव्हता. कपाटात सीडी ओळीने लावलेल्या, वर तारखा. पहिली घातली, रिकामी. दुसरी घातली, तीही रिकामी. आठ महिन्यांच्या सीडींवर काहीही उमटलेलं नव्हतं आणि मी एकही कधी उघडून पाहिली नव्हती. कुणाकडे कोणतं पुस्तक आहे, हे त्या क्षणी जगात कुणालाच माहीत नव्हतं. देवघेवीची वही आम्ही वर्षापूर्वी बंद केलेली.

अण्णांना निरोप गेला. ते आले, सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “फळा काढा.” दाराबाहेर फळा ठेवला आणि स्वतः लिहिलं, की आमच्या नोंदी गेल्या आहेत, आपल्याकडे वाचनालयाचं पुस्तक असल्यास कृपया आपणच सांगावं. मला वाटलं, आता गेली पुस्तकं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पायऱ्यांवर रांग होती. कुणी पुस्तक घेऊन आलं होतं, कुणी नुसतंच सांगायला. गिरवीच्या एका आजोबांनी पोस्टकार्ड पाठवलं. बोटांवर मोजण्याइतकी पुस्तकं तेवढी आली नाहीत.

तेव्हापासून नोंदींच्या प्रती तीन असतात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यातली एक प्रत खरोखर उघडून दहा नोंदी वाचायच्या. आज ते काम जो मुलगा करतो त्याने निमूटपणे चालू ठेवलं आहे. या मुलांना मिळणारा पगार सांगायचीही लाज वाटते. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली, अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान आलं, पण तिथे राबणाऱ्या माणसाला वेतनश्रेणी मिळावी ही मागणी करता करता माझ्या पिढीचे कित्येक जण घरी गेले. सर्व्हर सांभाळतो तोच पाण्याचा माठ भरतो, अशी आमची ग्रंथालयं आहेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढली आणि सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं. दीडशे वर्षांच्या घरातली ती संस्था. हजारो पुस्तकं भिजून लगदा झाली. नंतरची छायाचित्रं मी पाहिली, पूर्ण पाहवली नाहीत. भिजलेलं पुस्तक फुगतं, फळीत घट्ट बसतं आणि ओढलं की हातात पुठ्ठा येतो, पानं मागेच राहतात. त्या आठवड्यात आमच्या सभेत कुणीतरी विचारलं, आपल्याकडे असं झालं तर जगात दुसरीकडे कुठेच नाही असं आपल्यापाशी काय आहे? कादंबऱ्या परत मिळतील. पण संस्थानकाळातले छापील अहवाल, शाळांच्या जुन्या स्मरणिका, गावातल्या मंडळांनी काढलेले दिवाळी अंक, बागायतदारांच्या संमेलनाची पत्रकं? फलटण संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. त्या काळचे कागद ज्यांनी घरात जपले त्यांची नातवंडं आता पुण्यात फ्लॅटमध्ये आहेत. कागदाला तिथे जागा नाही.

तेव्हापासून आम्ही स्कॅनिंग करतो. वर कॅमेरा, खाली काच, दोन दिवे. एक पान म्हणजे एक टिचकी. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दोन महिन्यांत झालेल्या फाइलींची नावं होती ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘अंतिम’, ‘अंतिम खरं’. मी ती यादी पाहिली आणि मला अण्णांचं वाक्य आठवलं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक. फळीवर निदान हात फिरवताना ते कधीतरी सापडतं. ‘नवीन दोन’ कुणाला कधी सापडणार?

हे फक्त आमच्या गावचं नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा केवढा मोठा प्रकल्प होता. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांची दहा लाख पुस्तकांची कल्पना, आणि आपल्याकडे देशभर स्कॅनिंगची केंद्रं. हजारो जुनी मराठी पुस्तकं त्यात आली, नाही तर ती कुठल्या तरी तळघरात संपली असती. ते संकेतस्थळ पुढे बंद पडलं, पुस्तकं ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर टिकली. पण त्यांची नावं रोमनमध्ये, मध्येमध्ये अवतरण चिन्हं टोचलेली, कुठे लेखकाच्या जागी प्रकाशक, कुठे साल शून्य. अशाच एका नावाखाली मला माझ्या वडिलांचं शाळेतलं एक पुस्तक सापडलं, तेही चौथ्या वर्षी. चार वर्षं ते तिथे होतं, फुकट होतं, चोवीस तास उघडं होतं, आणि माझ्यासाठी नव्हतं.

यंत्राकडून वाचून घेण्याचंही तसंच. छायाचित्रातून अक्षर ओळखणारी प्रणाली आता मराठी बरीच वाचते. पण खिळ्यांच्या जुन्या छपाईत ‘ख’चे दोन तुकडे सुटे दिसतात, त्याचं ती ‘रव’ करते. ऊसशेतीच्या एका स्मरणिकेत खताला सगळीकडे ‘रवत’ केलं होतं. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. म्हणजे भाताचं मात. हे कुणीतरी बसून दुरुस्त करायला हवं, आणि ज्याला रासायनिक खत आणि शेणखत दोन्ही माहीत आहे अशाच माणसाने ते करायला हवं.

फलटणकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. हे महानुभावांचं गाव आहे, पंथाची दक्षिण काशी. पोथ्या कशा जपायच्या हे इथल्या मठांना कुणी शिकवलं नाही. रुमालात बांधलेली पोथी, वर फळ्या, चिठ्ठीवर नाव. पंथाचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेले होते. शतकानुशतकं ते बाहेरच्याला वाचता येत नव्हते. त्या लिपीची किल्ली बाहेरच्यांपैकी राजवाड्यांना लागली आणि मराठीतलं केवढं तरी आद्य गद्य अभ्यासकांपुढे आलं. पोथी शाबूत होती, पण किल्ली नव्हती तोवर ती जगासाठी मुकी होती. आम्ही स्कॅनिंगच्या टेबलाशी बसून ‘नवीन दोन’ला नीट नाव देतो, लेखक, साल, विषय भरतो, तेव्हा मला त्या किल्लीचीच आठवण होते.

आणि मिळालं काय, तेही सांगते. एक अंध विद्यार्थिनी आहे आमची सभासद. तिचा फोन युनिकोडमधला मजकूर तिला वाचून दाखवतो. तिला वाचून दाखवायला अण्णांनी रविवारी तासभर काढला असता, यात शंका नाही. पण आता तिला रविवारची वाट पाहावी लागत नाही. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, ज्याचा एकेक खंड आम्ही कपाटाला कुलूप लावून ठेवत होतो, तो तिच्या खिशात आहे. रानात मोटार चालू करून बसलेला पोरगा रात्री अकरा वाजता आमची यादी पाहतो आणि सकाळी एस.टी.ने येऊन बरोबर तेच पुस्तक मागतो. आमच्या वेळी सात ते अकरा आणि चार ते आठ, एवढंच वाचनालय होतं.

आता ते ‘मा. पा.’चं.

तालिकेचं कपाट दोन वर्षांपूर्वी खालच्या खोलीत नेलं. कार्डं रद्दीत द्यायची की नाही यावर सभेत चर्चा झाली, तेव्हा मी घरी घेऊन जाते म्हटलं. अठ्ठेचाळीस खण रिक्षाच्या चार फेऱ्यांत आले. मुलगा म्हणाला, आई, झोपायचं कुठे? रोज दुपारी एक खण काढते, सळई ओढते आणि कोपऱ्यात पेन्सिल असेल ते कार्ड उलटून पाहते.

मागे अण्णांचं अक्षर. ‘पान ११२ ते ११८ गहाळ, १९७३ च्या आवृत्तीत पाहावे.’ ‘लेखक फलटणास दोन वर्षे शिक्षक होते.’ ‘यातील नकाशा वेगळा काढून तिसऱ्या कपाटात गुंडाळी करून ठेवला आहे.’ ‘हे आवडणाऱ्यास दाखल क्र. ४४०७ द्यावे.’ ‘परीक्षेच्या दिवसांत देऊ नये, मुले अभ्यास सोडतात.’ आणि राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्या कार्डामागे: ‘विचारणारे टिंबाशिवाय विचारतात. जोडकार्ड केले आहे.’

यंत्रात भरताना आम्ही कार्डाची पुढची बाजू भरली होती. मागची कुणी भरलीच नव्हती. मीही नाही.

यंत्रात जागा मात्र आहे. ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात २४५ क्रमांकाच्या रकान्यात पुस्तकाचं नाव जातं. २४६ चा रकाना त्याच नावाच्या वेगळ्या रूपांसाठी असतो. अण्णांचं चौथं कार्ड म्हणजे तोच. आणि ५०० चा रकाना टीप लिहायला. इतकी वर्षं तो आमच्याकडे रिकामा होता. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी पिशवीत शंभर कार्डं घेऊन जाते. २४६ मध्ये बिनटिंबाचं नाव, दीर्घ वेलांटीचं नाव, बायकांच्या तोंडी असलेलं नाव. ५०० मध्ये मागची बाजू, अण्णांच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता. राजवाड्यांचे खंड आधी घेतले, बाकी ‘ग’पर्यंत आले आहे.

परवा तो कोळकीचा मुलगा दुसरा खंड न्यायला आला. टिंब न देता शोधलं, सापडलं. मग पडद्याकडे वाकून बराच वेळ काहीतरी वाचत राहिला. देवघेवीच्या टेबलाशी येऊन म्हणाला, “काकू, इथं लिहिलंय की याच्या प्रस्तावनेच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने खुणा केल्यात, त्या पुसू नयेत. त्या कुणाच्या आहेत?”

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला बस म्हटलं.